मुक्काम पोस्ट चियांग माई

केळुसकर काकांना भेटणाऱ्या प्रत्येक माणसाला तीन प्रश्नांना तोंड द्यावं लागे. काय जेवलात, कुठे झोपलात आणि सरकार कोणाचं? हे प्रश्न प्रवासाहून आलेल्या माणसासाठी होते, पण काकांच्या मते प्रत्येक माणूस कुठून तरी प्रवासाहूनच आलेला असे. मी नागपूरला आईबाबांना भेटून आले की हे तीन प्रश्न आणि ऑफिसच्या कामासाठी दोन दिवस डॅलसला जाऊन आले तरी हेच तीन. डॅलसमध्ये सध्या सरकार कोणाचं आहे, हे मला सांगता आलं नाही, तेव्हा काका म्हणाले, "मग तू गेलीसच कशाला?"

वसंत केळुसकर मूळचे सावंतवाडीकडचे. टेक्ससमधल्या आमच्या शुगर लँडला ते इतकी वर्षं राहत होते की ते आले तेव्हा इथे उसाची शेतं होती, असं ते सांगत आणि आम्ही खरं मानत असू. शिक्षणानं इंजिनियर आणि धंद्यानं गंजाचे तज्ज्ञ. जमिनीखालचे आणि समुद्राखालचे तेलाचे पाइप का गंजतात आणि गंजू नयेत म्हणून काय करावं, याचा त्यांनी जन्मभर विचार केला. एकदा कंपनीनं त्यांना थायलंडच्या आखातातले गॅसचे पाइप तपासायला सहा आठवडे पाठवलं. पाइप सोडून तिथलं सगळंच त्यांना आवडलं.

निवृत्त झाल्यावर ते आणि शालिनीकाकू दर हिवाळा चियांग माईला काढू लागले. थायलंडच्या उत्तरेला डोंगरांमध्ये वसलेलं हे जुनं शहर. नोव्हेंबरात जायचं आणि फेब्रुवारीअखेर तिथे शेतं जाळायला लागतात, धुरानं डोळे चुरचुरतात, त्याच्या आत परत यायचं. उरलेले आठ महिने काका शुगर लँडमध्ये राहून थायलंडविषयी बोलत. अमेरिकेविषयी त्यांचं एकच मत होतं. इथे चालत कुठेही जाता येत नाही. ज्या देशात पाव आणायला गाडी काढावी लागते, त्या देशाबद्दल आणखी काय मत बनवायचं, असं ते म्हणत आणि गाडी काढून पाव आणायला जात.

अमेरिकेच्या अध्यक्षांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, काका किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये उभे राहून मोठमोठ्यानं नावं ठेवत. थायलंडच्या राजघराण्याचा विषय निघाला की मात्र त्यांचा आवाज एकदम खाली येई. तिथे त्याबद्दल वावगं बोललं तर तुरुंगात टाकतात. काका, आपण टेक्ससमध्ये आहोत, आजूबाजूला फक्त कोथिंबीर घ्यायला आलेले लोक आहेत, असं मी एकदा म्हटलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "सवय मोडता कामा नये," ते कुजबुजले, "नोव्हेंबरात जायचंय."

माझा त्यांच्याशी संबंध आला तो इथल्या मराठी मंडळाच्या वार्तापत्रामुळे. दर महिन्याला ईमेलनं जाणारं आठ पानांचं हे वार्तापत्र कोणी तरी संपादित करायला हवं होतं आणि ज्या बैठकीत ते ठरलं तिला मी गेले नव्हते. वार्तापत्रात वाढदिवस, पाककृती, मुलांच्या स्पर्धांचे निकाल आणि हिवाळ्यात काकांचं पत्र असे. पत्राच्या डोक्यावर लिहिलेलं असे, 'मुक्काम पोस्ट चियांग माई', आणि खाली तारीख. तारखेतलं साल ते थायी पद्धतीनं लिहीत. ते आपल्यापेक्षा पाचशे त्रेचाळीस वर्षं पुढे असतं. आमच्या सेक्रेटरींनी ते टायपिंगची चूक समजून दोनदा दुरुस्त केलं होतं. काकांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

पत्र लांबलचक असे. एका पानात जेवण, अर्ध्या पानात बिऱ्हाड आणि चार पानांत सरकार. कोणत्या कोर्टानं कोणता पक्ष बरखास्त केला, त्याच पक्षाचे लोक दुसऱ्या नावानं कसे परत आले, लष्कर काय म्हणतं आणि काय म्हणत नाही, कंबोडियाच्या सीमेवर कोण कोणाकडे बंदुका रोखून बसलंय. शुगर लँडच्या वाचकांना हे सगळं कितपत हवं होतं, याचा अंदाज घेऊन मी पहिल्याच पत्रातली साडेतीन पानं उडवली. दुसऱ्या दिवशी चियांग माईहून फोन आला. रागावले की काका मला तू म्हणत नसत.

"संपादकबाई, आपण माझं सरकार पाडलंत," ते म्हणाले, "इथलं लष्करसुद्धा निदान टीव्हीवर येऊन कारण सांगतं."

मी कारण सांगितलं. जागा नव्हती. त्यावर ते 'माय पेन राय' म्हणाले. हे त्यांचं आवडतं थायी वाक्य. चालायचंच, काही बिघडत नाही, असा त्याचा अर्थ. काका ते म्हणत तेव्हा बरंच काही बिघडलेलं असे. पुढची पाच वर्षं आमचा हा खेळ चालला. ते सरकार लिहीत, मी पाडत असे आणि महिनाअखेर फोन येई. एकदा मी ऑफिसात भर मीटिंगमध्ये असताना त्यांचा नंबर तीनदा दिसला. घाबरून बाहेर जाऊन फोन घेतला, तर काका गंभीर आवाजात म्हणाले, पंतप्रधानांना कोर्टानं घरी पाठवलं. मी आत येऊन आमच्या मॅनेजरला एक वाईट बातमी आहे म्हणाले आणि कोणाची ते विचारल्यावर मला नीट सांगता येईना.

शालिनीकाकू या सगळ्याकडे खुर्चीत बसून बघत. गुडघे दुखत, त्यामुळे चियांग माईतही त्यांचं थायलंड त्यांच्या गल्लीपुरतंच होतं. गल्लीच्या तोंडाशी पिम नावाच्या बाईचं नूडल्सचं दुकान होतं. चार टेबलं, एक पंखा. तिथे नारळाच्या दुधातल्या रश्श्यात नूडल्स घालून देत आणि वरून कुरकुरीत तळलेल्या नूडल्स पेरत. काकू म्हणत, मसाला थोडा वाढवला तर मालवणात खपेल. काका शहरभर फिरून लोकांना सरकार कोणाचं ते विचारत तोवर काकू पिमच्या दुकानात लसूण सोलत बसत. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तिथल्या घरच्या गोष्टी काकूंनाच जास्त कळत, पण त्या विचारल्याशिवाय सांगत नसत आणि काका विचारत नसत.

एका वर्षी काकांनी येताना सामानातून एक छोटं लाकडी घर आणलं. खांबावर उभं करायचं, उतरत्या छपराचं, बाहुल्यांचं वाटावं असं. तिकडे प्रत्येक घरासमोर, हॉटेलासमोर, पेट्रोलपंपावरसुद्धा असं घर असतं. आपण बांधकाम करतो तेव्हा त्या जागेवर आधीपासून राहणारे जे कोणी असतात, त्यांना राहायला ते द्यायचं. रोज त्यांच्यापुढे फूल, उदबत्ती आणि लाल सरबताची बाटली ठेवायची. बाटलीत स्ट्रॉ हवीच. काकांना हे समजावून घ्यायला दोन मिनिटंही लागली नव्हती. "हा आपला राखणदार," ते म्हणाले. कोकणात शिवेवर असतो तो.

त्यांनी ते घर शुगर लँडच्या आपल्या अंगणात, टपालपेटीशेजारी उभं केलं. पुढच्या आठवड्यात काकूंकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. मंडळातल्या पंधरावीस बायका आल्या आणि आत शिरण्यापूर्वी प्रत्येकीनं त्या घराला हळदकुंकू वाहिलं. एकीनं ओटी भरली. दुसरीनं नारळ फोडून पाणी शिंपडलं. हे कुठल्या देवीचं देऊळ, असं कोणी विचारलं नाही, कारण असं विचारणं बरं दिसत नाही. काका दारात उभं राहून ओरडत होते की हा देव नाही, हा मूळ मालक आहे, आपण भाडेकरू आहोत. मूळ मालकाला हळदकुंकू लावलं तर काय बिघडतं, असं बायकांचं म्हणणं पडलं आणि त्या पन्हं प्यायला आत गेल्या.

महिन्याभरात वसाहतीच्या कमिटीचं पत्र आलं. समोरच्या अंगणात परवानगीशिवाय बांधकाम केल्याबद्दल खुलासा करावा. काकांनी चार पानी खुलासा लिहिला. त्यात थायी लोकांच्या भूमीविषयीच्या श्रद्धा, कोकणातले राखणदार आणि टेक्ससमधल्या मूळ रहिवाशांचं काय झालं, असे तीन भाग होते. काकूंनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि कमिटीला फोन करून ते पक्ष्यांचं घर आहे म्हणून सांगितलं. कमिटीचं समाधान झालं. हे सांगताना काका दर वेळी लाल व्हायचे आणि काकू दर वेळी हसायच्या.

त्याच सुमारास पाटणकरांची गोष्ट घडली. पाटणकर हे काकांच्याच वयाचे, मंडळाचे माजी अध्यक्ष. गुढीपाडव्याला ते दिसले नाहीत म्हणून काकांनी चौकशी केली. कोणी तरी सांगितलं की त्यांनी घर विकलं आणि ते ओहायोत डब्लिनला मुलीकडे राहायला गेले. काकांनी हातातली श्रीखंडाची वाटी खाली ठेवली. "आपण सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहू या," ते म्हणाले आणि खरोखर उठून उभे राहिले. लोक हसले. पण काका पूर्ण दोन मिनिटं उभे होते. नंतर मला म्हणाले, बघ, आता यांचा वाढदिवस तुझ्या वार्तापत्रातून जाईल, पुढच्या वर्षी ईमेलच्या यादीतून नाव जाईल आणि परत नाव येईल ते थेट काळ्या चौकटीत. मी म्हटलं, असं काही नसतं. घरी येऊन यादी पाहिली तर पाटणकरांचं नाव सेक्रेटरींनी आधीच काढलं होतं.

काकांची मुलगी मेघना मिनेसोटात ईडन प्रेरीला असते. ती त्यांना दर महिन्याला तिकडे बोलवत होती. काकांचं उत्तर ठरलेलं असे. तिच्या घरून चालत कुठे जाता येतं ते सांग. मेघना म्हणे, बाबा, हिवाळ्यात तर दारातूनही बाहेर पडता येत नाही. काकांना वाटे आपण वाद जिंकला.

शेवटी त्यांनी ठरवलं. शुगर लँडचं घर विकायचं आणि कायमचं चियांग माईला राहायला जायचं. वयस्कर परदेशी माणसांना तिथे राहायचा व्हिसा मिळतो, त्याची कागदपत्रं काकांनी वर्षभर जमवली. काकू म्हणाल्या, मला काय, पिमचं दुकान आहे.

मंडळानं त्यांना जोरदार निरोप दिला. हॉल घेतला. शाल-श्रीफळ झालं, काकूंना साडी झाली. मानपत्र मी लिहिलं होतं आणि मीच वाचलं. त्यात 'थायलंडमधील आमचे राजदूत' असे शब्द होते. लिहिताना ते मला गमतीचे वाटले होते, वाचताना वाटले नाहीत. काका भाषणाला उभे राहिले. ते म्हणाले, मंडळातून माणसं दोनच ठिकाणी जातात, मुलांकडे किंवा वर. आम्ही तिसरी वाट काढतोय. टाळ्यांचा कडकडाट झाला. नंतर निम्मं सामान त्यांनी ट्रकनं मेघनाकडे पाठवलं. राखणदारही गेला, कारण नातीच्या घरी राखणदार असावा, असं काकांचं मत पडलं. तिथे पंधरा दिवस राहून, सगळ्यांना भेटून, पुढे विमान धरायचं असा बेत होता.

त्यानंतर पत्रं येत राहिली. दोन हिवाळे, मधला उन्हाळा, दर महिन्याला एक.

आणि मला, कात्री हातात धरून बसलेल्या बाईला, एक गोष्ट जाणवली. पत्रं सुधारली होती. सरकार अर्ध्या पानावर आलं आणि जेवण वाढलं. सकाळी आठला रेडिओवर राष्ट्रगीत लागल्यावर भाजीवाली हातातली जुडी तशीच धरून कशी उभी राहते, ते आलं. लसूण ठेचताना पिम कोणत्या पायावर भार देते, तेही आलं. लोक मला ईमेल करून सांगू लागले की केळुसकरांचं पत्र आधी टाका, पाककृती मागे गेली तरी चालेल. मला वाटलं, कायमचं राहायला गेल्यावर माणसाला डोळे फुटतात. फोन मात्र यायचे बंद झाले होते. वेळेचं गणित जमत नाही, असं त्यांनी कळवलं होतं. पूर्वी ते त्यांना बरोबर जमत असे.

गेल्या नाताळात आमच्या मंडळातले देशमुख पतीपत्नी थायलंडला गेले. काकांना भेटायचं म्हणून त्यांनी आधीच लिहिलं होतं. काकांचं उत्तर आलं, नेमका त्या आठवड्यात मी लाओसच्या सीमेकडे असेन, क्षमस्व, पण पिमकडे जेवल्याशिवाय परत येऊ नका. देशमुख गेले. गल्ली पत्रात होती तशीच निघाली, दुकान तसंच, पंखाही तोच. परत आल्यावर देशमुख मला हसत सांगत होते की रस्सा फर्स्ट क्लास, पण बाई जरा विसरभोळी आहे यार. त्यांनी फोनवर काकाकाकूंचा फोटो दाखवला, तर तिनं एकदम त्यांचा हात धरला. हे दोघं दोन वर्षांत आलेच नाहीत, असं ती म्हणाली. ट्रान्सलेट करणाऱ्या ॲपवरून तिनं पुन्हापुन्हा एकच प्रश्न विचारला. ते जेवले का? देशमुखांना याचं फार हसू आलं होतं. मला आलं नाही. काका सीमेकडे असतील तर काकू कुठे होत्या, हे मी देशमुखांना विचारायला हवं होतं.

जानेवारीत ऑफिसच्या कामासाठी मला चार दिवस मिनिआपोलिसला जावं लागलं. ईडन प्रेरी तिथून जवळ. मंडळाच्या दिवाळी अंकात काकांचं पत्र छापलं होतं, त्याच्या दोन प्रती मी बरोबर घेतल्या. मेघनाला द्याव्यात, ती पुढे पाठवेल आणि तिच्याकडून काकांचा फोन नंबरही घ्यावा. याखेरीज मनात काय होतं ते मी स्वतःलाही विचारलं नाही. मेघनाला मेसेज केला, तिचं उत्तर आलं नाही, तरी रविवारी सकाळी मी गेले.

दार तिच्या आठ वर्षांच्या मुलीनं उघडलं. मी नाव सांगितलं, आई घरात आहे का विचारलं. आई दुकानात गेली होती. मी सहज विचारलं, "आजोबांचा फोन येतो का गं?"

"आजोबा इज इन थायलंड," ती म्हणाली आणि बोटानं खाली जाणारा जिना दाखवला, "डाउनस्टेअर्स."

बेसमेंटमध्ये हीटर इतका लावला होता की पायऱ्या उतरताना मी कोट काढला. काका अर्ध्या बाह्यांचा फुलाफुलांचा शर्ट घालून बसले होते. भिंतीवर दोन घड्याळं होती. एका पडद्यावर बँकॉकचं इंग्रजी वर्तमानपत्र उघडलेलं आणि दुसऱ्यावर चियांग माईच्या जुन्या वेशीवर लावलेल्या कॅमेऱ्याचं चालू चित्र. तिथे रात्र होती आणि दिव्याखालून एक लाल टेम्पो जात होता. शेजारी काकू, पलंगावर, पाठीला उशा. बाजूला वॉकर.

काका उठून उभे राहिले. इतकं कसनुसं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

सगळं काकूंनीच सांगितलं. विमानाला दहा दिवस उरले होते. इथेच, मेघनाच्या दारात, बर्फावरून त्यांचा पाय घसरला आणि खुबा मोडला. एक ऑपरेशन झालं, ते बिघडलं म्हणून दुसरं झालं. आता वीस तास विमानात बसणं या जन्मी नाही. त्यांनी काकांना सांगितलं होतं, तुम्ही एकटे जा, दोन महिने राहून या. काका म्हणाले, एकट्यानं जाऊन परत येऊन सांगू कोणाला? मग मंडळाला खरं कळवायचं ठरलं. काका तीन दिवस ईमेल लिहीत होते. चौथ्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं, तर समोर मंडळाची शाल.

"शाल घेतली होती गं त्यांनी," काकू म्हणाल्या, "मानपत्र घेतलं होतं. तिसरी वाट म्हणाले होते सगळ्यांसमोर. आता मुलीकडे राहतो म्हणून कुठल्या तोंडानं लिहायचं? त्या पाटणकरांसाठी हे दोन मिनिटं उभे राहिले होते."

तेव्हा मला पत्रं का सुधारली ते कळलं. आता काकांना विचारण्यासारखं एकच माणूस उरलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते काकूंना विचारत होते. राष्ट्रगीताच्या वेळी थांबलेली भाजीवाली काकूंची. पिमचा पाय काकूंचा. सरकार तेवढं अजून काकांचं होतं. मला हसू आलं आणि रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे काहीच नीट आलं नाही.

काकांनी अजून मान वर केली नव्हती. ते पडद्यावरच्या वेशीकडे बघत होते.

"आपण हे छापणार का?" त्यांनी विचारलं.

मी आधी पिमची गोष्ट सांगितली. तिनं देशमुखांचा हात धरला ते आणि पुन्हापुन्हा काय विचारलं तेही. काका हळूच म्हणाले, अगं, तिकडे ओळखीच्या माणसाला तसंच विचारतात, जेवलात का, आपण 'कसे आहात' म्हणतो तसं. त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसला. काकूंनी विचारलं, बाई बारीक झालीय का? मी म्हटलं, ते देशमुखांनी सांगितलं नाही. काकू म्हणाल्या, पुरुषांना कुठलं दिसतंय.

मग मी काकांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. "पत्र पंचवीस तारखेपर्यंत आलं पाहिजे. उशीर झाला तर पाककृती जाईल."

काकूंनी मला वरणभात खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. मेघना आली, मला पाहून दारातच थबकली आणि मग माझ्या ताटात तिनं आणखी तूप वाढलं. ती फक्त एवढंच म्हणाली की रोज सकाळी बाबा खाली कामाला जातात तसे जातात आणि तिला ते बरं वाटतं.

मी निघाले तेव्हा पुन्हा बर्फ भुरभुरायला लागला होता. काका सोडायला बाहेर आले. फुलाफुलांच्या शर्टावर जावयाचा गुडघ्यापर्यंत येणारा कोट, डोक्यावर नातीची गोंड्याची टोपी. अंगणात खांबावर राखणदाराचं घर होतं. त्याच्या छपरावर वीतभर बर्फ साचला होता. लाल सरबत बाटलीत गोठलं होतं आणि स्ट्रॉ त्यात ताठ उभी होती. काकांनी हातानं छपरावरचा बर्फ झटकला, गोठलेली बाटली कोटाच्या एका खिशात टाकली, दुसऱ्या खिशातून नवी काढून ठेवली आणि तिच्यात स्ट्रॉ घातली. ही तासाभरात गोठणार, हे त्यांनाही दिसत होतं. मग माझ्याकडे वळून त्यांनी थायी पद्धतीनं, बोटं नाकापर्यंत नेऊन हात जोडले. माझी गाडी रस्त्याला लागेपर्यंत ते आरशात तसेच दिसत होते.

पत्र तेवीस तारखेला आलं. डोक्यावर मुक्काम पोस्ट चियांग माई, साल पाचशे त्रेचाळीस वर्षं पुढचं. शेवटचा परिच्छेद असा होता:

'परवा टेक्ससच्या ओळखीच्या एक बाई अचानक येऊन गेल्या. काय जेवलात म्हणून विचारलं, तर हॉटेलातला गारढोण पाव. शालिनीनं त्यांना वरणभात वाढला. कुठे झोपलात, तर विमानतळाजवळ. सरकार कोणाचं, ते मी विचारलं नाही. प्रवासात कधी तरी एखादा प्रश्न सोडून द्यावा. त्या निघाल्या तेव्हा बर्फ पडत होता आणि मी राखणदाराला नवीन सरबत देत होतो.'

त्या पत्रातली एकही ओळ मी कापली नाही. फक्त एक जागा बदलली. 'बर्फ पडत होता' खोडलं आणि तिथे 'धुकं पडलं होतं' लिहिलं.

वार्तापत्र गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, दोन वर्षांनी, काकांचा फोन आला.

"संपादकबाई, आपण माझ्या पत्राला हात लावलात."

मी हो म्हटलं. त्यांच्या मागे कोणी तरी फावड्यानं ड्राइव्हवेवरचा बर्फ खरवडत होतं, तो आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता.

"बरोबर केलंस," काका म्हणाले, "इथे जानेवारीत धुकंच असतं."